आकृतीसाठी जागा

पैज लागली तेव्हा माझ्या गालांना साबण होता आणि वस्तऱ्याच्या हातात वस्तरा. अशा वेळी शहाण्या माणसाने नुसतं हूं म्हणावं. मी तोंड उघडलं.

वस्तरा हे माणसाचंही नाव आहे, ते आधी सांगून टाकतो. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्याचं केस कापायचं दुकान आहे आणि वीस वर्षं सगळे त्याला त्याच नावाने हाक मारतात. मला म्हणतात रंग्या. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. बाकी जग पाट्या टाकतं, मी रंगवतो, हा माझा जुना विनोद आहे आणि आता त्याला कुणी हसत नाही. बायको नाही, पोरंबाळं नाहीत, पन्नाशीला दोन वर्षं कमी. दुसऱ्या मजल्यावर थोरल्या बहिणीबरोबर राहतो. धंदा पाट्यांचा, पण खरा उद्योग लोकांची फिरकी घेण्याचा. वस्तऱ्याच्या दुकानातल्या घड्याळाची तबकडी मी एकदा उलटी रंगवून ठेवली, आरशात सुलटी दिसावी म्हणून. त्याने आठवडाभर शिव्या दिल्या, मग गिऱ्हाइकांना आवडली म्हणून तशीच ठेवली.

तर त्या दिवशी दुकानासमोरून तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या बाई गेल्या. काळा चष्मा, खांद्याला पिशवी, चाल सरळ. वस्तरा म्हणाला, "नमस्कार बाई." बाईंनी मान एवढीशी हलवली आणि गेल्या. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"तोंडाला गिलावा केलाय," वस्तरा म्हणाला.

बाकावर शिलाईकाकू बसल्या होत्या. त्यांचं मशीन शेजारच्या गाळ्यात, पण बसायच्या वस्तऱ्याकडे, कारण बातम्या तिथे आधी यायच्या. "पाणीखात्यात तक्रारीच्या खिडकीत बसते ती," काकू म्हणाल्या. "आमचा नळ तीन आठवडे कोरडा होता, तेव्हा मी तिच्यापुढे रडले. खरंच रडले रे. पापणी लवली नाही मेलीची."

"मी हसवतो तिला," मी म्हटलं.

"तू?" वस्तऱ्याने माझी हनुवटी वर केली. "तुला बघून लोक रडतात लेका."

"लाव पैज."

"लावली. तीन महिने. आणि हसलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली पाहिजे. तू येऊन सांगणार आणि मी मानणार, असलं चालायचं नाही. तू एक नंबरचा थापाड्या."

"मान्य. तू हरलास तर दुकानावर महिनाभर मी रंगवलेली पाटी. येथे केस बिघडवून मिळतील."

काकू फिस्सकन हसल्या. वस्तऱ्याने माझ्या मिशीकडे बघितलं. आता ही मिशी म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. अठराव्या वर्षापासून तेलपाणी करून वाढवलेली, दोन्ही टोकं वर. ताई म्हणायची, आमच्या घरात कर्ता पुरुष कोण, तर रंग्याची मिशी.

"तू हरलास तर," वस्तरा म्हणाला, "रविवारी सकाळी रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकणार. सगळ्यांसमोर तुझी अर्धी मिशी उतरवणार. आणि तसाच तू चौकापर्यंत चालत जाऊन परत यायचं."

काकू साक्षीला. ठरलं.

पाणीखात्याची तक्रार खिडकी म्हणजे लोखंडी जाळी, खाली हात जाईल एवढी फट, आणि फटीसमोर रांग. आधी अर्ज भरायचा. लांबट, पिवळट कागद. वर नाव, पत्ता, मग तक्रारीचे स्वरूप, आणि खाली पानभर मोठा चौकोन. चौकोनावर बारीक अक्षरात छापलेलं: आवश्यक असल्यास आकृती काढावी. लोक तो मोकळा सोडतात. फार तर एक आडवी रेघ काढून खाली पाइप असं लिहितात. पण तीस वर्षं ब्रश हातात धरलेल्या माणसापुढे असा मोकळा चौकोन म्हणजे उपाशी माणसापुढे वाढलेलं ताट.

मी चौकोनाच्या चार चौकटी केल्या. पहिलीत नळ जांभई देतोय. दुसरीत नळाच्या तोंडाशी एक थेंब आलाय. तिसरीत थेंब खाली वाकून बघतोय, खाली मी, मिशीसकट, बादली घेऊन. चौथीत थेंब परत वर चढतोय, पाय झाडत. तक्रारीचे स्वरूप: नळाला पाणी येते, पण मला बघून परत जाते.

बाईंनी कागद घेतला. वाचला. जरा जास्तच वेळ वाचला, पण चेहरा म्हणजे कोरी भिंत. नंबर टाकला, शिक्का मारला, पोच सरकवली. पुढचा माणूस मला ढकलून खिडकीशी गेला.

आठ दिवसांनी घरी टपालाने पाकीट आलं, खात्याच्या छापील कागदावर.

"विषय: पाणी बघून परत जाते. संदर्भ: आपला अर्ज क्र. २१४. महोदय, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, पाण्याने आपणास पाहिल्याची कोणतीही नोंद या कार्यालयात नाही. तथापि आपण मिशी झाकून नळाखाली उभे राहिल्यास फरक पडतो किंवा कसे, ते उलट टपाली कळवावे."

मी ते तीनदा वाचलं आणि धावत खाली गेलो. वस्तऱ्याने कागद उलटासुलटा करून बघितला.

"हे हसणं नाही," तो म्हणाला. "हे टपाल आहे."

मग मी सुटलोच. दर आठवड्याला एक अर्ज. नळातून शेजाऱ्यांचे भांडण ऐकू येते. पाण्याला दाब नाही, मला आहे. मीटर मला बघून डोळा मारतो. प्रत्येकाला उत्तर आलं, प्रत्येक उत्तर त्याच सरकारी भाषेत, एक शब्द हलका नाही. मीटरच्या तक्रारीला लिहिलं होतं की मीटरचे वर्तन गैर असले तरी आपण त्यास प्रोत्साहन दिले नसल्याचे शपथपत्र जोडावे. मी ती पाकिटं गादीखाली ठेवायला लागलो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. ताईने गादी झाडताना बघितली आणि विचारलं, "पाणीपट्टी थकलीय का रे?"

नवव्या अर्जाचं उत्तर आलं: अर्जदाराने प्रत्यक्ष सुनावणीस हजर राहावे. स्थळ: तिसरा मजला. वेळ: रविवार, दुपारी चार.

मी मिशीला पीळ देऊन गेलो.

एकच खोली. टेबल, त्यावर हाताएवढं भिंग, औषधाच्या बाटल्यांची रांग, गजराचं घड्याळ, चिकटपट्टीचं रीळ. आरसा कुठे नव्हता. तिने चष्मा काढला आणि मला पहिल्यांदा कळलं की पापणी का लवत नाही. लवायचीच नाही. सहा वर्षांपूर्वी एका तापात तिच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा गेल्या होत्या. कपाळ, गाल, ओठ, काही हलत नव्हतं. डोळे पुरते मिटत नव्हते. झोपताना पापण्या ओढून चिकटपट्टी लावायची, दिवसा दर दोन तासांनी थेंब. तरी बुबुळं वाळत होती. उजवा डोळा पांढरा पडून गेलेला. ओठ एकमेकांना टेकत नव्हते, त्यामुळे प, ब, म बोलताना घसरायचे. अनोळखी माणसं कान पुढे करून काय, काय म्हणायची, म्हणून ती खिडकीत बोलायचीच नाही. लिहून द्यायची. आणि आम्ही खाली बसून म्हणायचो, बाईला माज आहे.

तिने फाइल उघडून दोनशे चौदा नंबरचा माझा अर्ज काढला. "शिक्का बघा," म्हणाली.

शिक्का दोनदा उमटला होता, एकावर एक, वाकडा.

"हात हलला. हसत होते."

"कुठे हसलात? मी समोर उभा होतो."

तिने माझा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला आणि शेवटचा अर्ज मनातल्या मनात परत वाचायला घेतला. खांदा थरथरायला लागला, चालू ठेवलेल्या टेम्पोच्या दारासारखा. नाकातून बारीक हवा येत होती. चेहरा तसाच. मी हात काढला नाही.

म्हणजे पैज मी पहिल्याच दिवशी जिंकलो होतो. खाली जाऊन एवढंच सांगायचं होतं. पण मग वस्तरा म्हणणार, दाखव. मग तो वर येणार, मागून काकू येणार, आणि दोघं मिळून हिच्या खांद्याकडे बघत बसणार. जन्मात पहिल्यांदा मी माझं तोंड बंद ठेवलं. त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. पण मी तिलाही सांगितलं नाही की मी खिडकीशी आलो तो पैजेसाठी. म्हटलं, सांगू पुढे कधीतरी, हसत हसत.

तीन महिने उलटले. वस्तरा म्हणाला, "रविवार बोल." मी म्हटलं, "कामं अंगावर आहेत रे, अर्ध्या मिशीच्या पेंटरला गिऱ्हाईक येईल का?" खरं कारण वेगळं होतं. अर्धी मिशी घेऊन वर गेलो असतो तर ती विचारणार, काय झालं. वस्तरा महिन्यातून एकदा आठवण करायचा, मी नवं कारण द्यायचो.

वर मात्र मी रोज जायला लागलो. थेंब घालायला. माणसाच्या उघड्या डोळ्यात थेंब टाकायला नेम लागतो, आणि माझा हात चांगला. "बाई" कधी गेली आणि "तू" कधी आलं, लक्षात नाही. ती मला रंग्याच म्हणायची. रंग्यात तिला अडेल असं एकही अक्षर नाही, पत्रिका जुळली म्हणायची. ताईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "लोक म्हातारपणी काठी शोधतात. तू स्वतःच काठी व्हायला निघालास." दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्या डब्यात दोन माणसांचं भरायला सुरुवात केली. बोलणं थांबवलं नाही, डबाही थांबवला नाही.

पुस्तकाची कल्पना तिची. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की डाव्या बुबुळावरही जखम झालीय, नजर जेमतेम पाचसहा महिने, मग पापण्या शिवून टाकाव्या लागतील. घरी आल्यावर तिने माझे सगळे अर्ज टेबलावर मांडले. मग म्हणाली, "ह्या अर्जांचं पुस्तक कर. चित्रांचं. तू आणि मी. जसं झालं तसं."

"कोण वाचणार? एक थापाड्या आणि एक खिडकी."

"मी बघणार. शेवटचं जे काय बघायचं, ते हे. पण खरं काढ, रंग्या. मला सहा वर्षं लोक चेहरा बघून काहीतरी समजत आले. ह्यात तरी जे होतं तेच दिसू दे."

तिने खात्यातून रद्दीतले कोरे अर्ज आणले. एक अर्ज, एक पान. पान झालं की मी ते तिच्यापुढे ठेवायचं, ती भिंग लावून इंच इंच बघणार, आणि मग मंजूर किंवा परत असा शिक्का. आम्ही साठ पानं ठरवली.

नववं पान परत आलं. "ही कोण?" तिने विचारलं.

"तू."

"ही दंतमंजनाची जाहिरात आहे."

चूक कळायला मला वेळ लागला. मी कुठलाही चेहरा ओठांपासून सुरू करतो. पाट्यांवरची माणसं हसरी लागतात, त्यामुळे तीस वर्षांत हाताला वळणच तसं पडलेलं. रेघ ओढली की टोकं आपोआप वर. तिच्याही चेहऱ्याला मी नकळत हसू चिकटवून टाकलं होतं. ते पान मी सात वेळा काढलं. मग तिचा चेहरा खांद्यापासून सुरू करायला शिकलो. हसताना चप्पल जमिनीवर टकटक करते ते काढलं. रडताना फक्त नाक वाहतं ते काढलं. खिडकीत एका माणसाने जाळीवर मूठ आपटून "मढ्यासारखं तोंड करून काय बसलीस" म्हटलं होतं, त्याचं पान तिने स्वतः सांगून काढून घेतलं. त्या माणसाला मी मिशी काढली. माझ्यासारखी. तिने विचारलं, तुझी का? मी म्हटलं, सवय.

पहिलं पान मात्र मी मागे ठेवलं होतं. "सुरुवात शेवटी काढतो," म्हणालो. तिला पटलं.

पहिलं पान म्हणजे दुकान, साबण, वस्तरा, काकू आणि पैज. ते काढलं की तिला कळणार. आधी म्हटलं, पुस्तक अर्धं झालं की काढू. मग म्हटलं, चाळीस होऊ देत. चाळिसावं मंजूर झालं तेव्हा ती भिंग डोळ्याला अगदी चिकटवून बघत होती, आणि माझ्या डोक्यात एक हिशेब आला. अजून महिनाभर रेटलं की झालं. मग पहिल्या पानावर काहीही असलं तरी चालेल.

तिची नजर जायची मी वाट बघत होतो. आणि दर दोन तासांनी त्याच डोळ्यात थेंब घालत होतो. हात जरासुद्धा हलत नव्हता.

साठावं पान झालं तेव्हा तिला फक्त उजेड आणि अंधार कळत होता. खात्याने तिला रजेवर बसवलं होतं. "आता पहिलं आण," ती म्हणाली.

मी आणलं. त्यात मी खिडकीच्या रांगेत उभा होतो, घरचा नळ गळतो म्हणून, आणि अर्ज भरता भरता कंटाळून चित्र काढत होतो. सुबक पान होतं. तिने कागद खिडकीच्या उजेडात धरला, भिंग फिरवलं, एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"काय काय आहे?" तिने विचारलं.

मी सांगितलं. रांग, गळका नळ, कंटाळा. ती ऐकत राहिली. मग चाचपून शिक्का घेतला आणि मारला. मंजूर. अर्धा कागदावर पडला, अर्धा टेबलावर.

लोकांना मी आयुष्यभर फसवलं. वस्तऱ्याच्या साबणात मीठ घातलंय, काकूंना मशीनची सुई अंधारात चमकते म्हणून तासभर दिवा बंद करून बसवलंय. पण प्रत्येक वेळी शेवटी समोरचं माणूस माझ्या पाठीत धपाटा घालायचं. इथे धपाटा घालणारं कुणी नव्हतं.

पंधरा दिवसांनी तिच्या पापण्या शिवल्या. दोन बारीक आडव्या शिवणी. काकू बघून आल्या आणि वस्तऱ्याच्या बाकावर बसून म्हणाल्या, "टाके सरळ घातलेत." आणि मग पदराने तोंड झाकून घेतलं.

छापखान्याचा मालक माझं जुनं गिऱ्हाईक, त्याने शंभर प्रती काढून द्यायचं कबूल केलं. नमुन्याची प्रत आली, ती घेऊन मी वर गेलो. ती खुर्चीत बसली होती. मांडीवर हात.

"वाच," म्हणाली. "चौकट चौकट. पहिल्यापासून."

मी पान उघडलं.

"सावकाश वाच," ती म्हणाली. "पहिलं पान मला दिसलं नव्हतं. भिंग नुसतं फिरवलं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तुझ्या शब्दावर शिक्का मारला."

मी "पहिली चौकट" म्हणालो. "रांग आहे," म्हणालो.

"पुढे?"

"रांग नाहीये," मी म्हटलं. "दुकान आहे. वस्तऱ्याचं. माझ्या गालाला साबण आहे."

आणि मग सगळं सांगितलं. गिलावा, पापणी, तीन महिने, अर्धी मिशी. पहिलं पान का मागे ठेवलं ते. वाट बघितली तेही. बोलताना मी सवयीने तिच्या खांद्यांकडे बघत होतो. दीड वर्षात मला तिचे खांदे पाटीसारखे वाचता यायला लागले होते. आता त्यांच्यावर काही नव्हतं.

तिने हात पुढे केला. बोटं माझ्या हनुवटीला लागली, मग वर मिशीला.

"आहे की अजून."

"हो."

"हरूनही दिली नाहीस."

"हरलो कुठे? तू पहिल्याच दिवशी हसली होतीस."

"त्याने बघितलं?"

"नाही."

"त्याने बघितलं पाहिजे असं ठरलं होतं ना. मग हरलास." खात्याच्या पत्रांमधली बाई बोलत होती. मग आवाज खाली आला. "तापानंतर मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी. कुणाला कळू नये म्हणून शिक्का जोरात आपटला. घरी येऊन एकटीच परत हसले. वाटलं, कुणीतरी माझ्यासाठी काहीतरी काढलं. आणि खाली दुकानात त्याची पैज लागलेली."

मी नमुन्याची प्रत मिटली.

"छापखाना थांबव," ती म्हणाली. "खरं पान काढ. मला दिसणार नाही, तरी काढ. आणि रविवारी मिशी दे. माझ्यावर लावलेली पैज आहे, ती बुडवायची नाही."

"आणि मग?"

"मग काय, ते मला माहीत नाही." ती थांबली. "खोलीची किल्ली टेबलावर ठेव. मलम ताई लावतील."

पान मी तीन दिवसांत काढलं. या वेळी चेहरा ओठांपासूनच सुरू केला, माझा. साबणात उघडलेलं तोंड. वस्तऱ्याचा चेहरा काढला, काकूंचा काढला, आणि दारातून पाठमोरी जाणारी ती. छापखान्यात देऊन आलो. मंजुरीचा शिक्का त्यावर नव्हता.

शनिवारी वस्तऱ्याला सांगितलं. तो हातातला कंगवा पुसत राहिला. "सोड रे. मला काय माहीत होतं? गंमत होती."

"गंमतच होती. खुर्ची टाक उद्या."

"मी नाही टाकणार."

"मग मी टाकतो. वस्तरा तेवढा तू धर."

रविवारी सकाळी मी त्याच्या दुकानातली खुर्ची उचलून रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि बसलो. लोक जमले. वरच्या गॅलऱ्या भरल्या. दोनचार जण आधी हसले, कुणीतरी विचारलं, "रंग्या, आज कोणाची टोपी उडवतोयस?" काकूंनी त्यांना हाताने गप्प केलं. तोपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं होतं. काकूंना सांगितलं की वेगळं सांगावं लागत नाही.

वस्तरा बाहेर आला. साबण लावताना त्याचा हात थंड होता. "डावी की उजवी?" त्याने हळूच विचारलं.

"तुझी मर्जी."

त्याने डावी घेतली. तीस वर्षांची मिशी, चार फटकाऱ्यांत गेली. केस शर्टावर पडले.

तेवढ्यात लोक बाजूला झाले. जिन्यातून ती येत होती. एक हात भिंतीला, पाऊल आधी चाचपून मग टाकायची. मागे ताई, एक पायरी अंतर ठेवून, हात पुढे पण न लावता. चष्मा नव्हता. दोन शिवणी सगळ्यांना दिसत होत्या. इमारतीत राहायला आल्यापासून ती लोकांसमोर कधी बोलली नव्हती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं, बाई," वस्तरा म्हणाला.

"बघू."

ताईने तिला खुर्चीपर्यंत दिशा सांगितली. तिने दोन बोटं माझ्या ओठावर ठेवली. आधी उजवीकडे, जिथे केस होते. मग डावीकडे, जिथे साबण आणि उघडी कातडी. तिथे बोटं थांबली. कापलं होतं थोडंसं. तिने बोटांना लागलेलं अंगठ्याने चोळून बघितलं.

वस्तऱ्याने टॉवेल पुढे केला. "बाई, चूक माझीपण आहे. मीच म्हणालो होतो, तोंडाला गिलावा…"

"तक्रार असेल तर लेखी द्या," ती म्हणाली. प्रत्येक शब्द कळला.

हसावं की नाही, कुणालाच कळेना. सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी खांदे बघायला मान वळवली, पण मध्ये ताई उभी होती. ताईच्या पलीकडे ती वळली. मी उठून हात पुढे केला, तिला तो दिसला नसणार, पण खुर्ची करकरली ते तिने ऐकलं. "हात नको," म्हणाली. जिन्याकडे गेली. पायऱ्या मोजत असावी, कारण मधेच थांबून परत सुरू व्हायची. मग तेही ऐकू येईनासं झालं.

वस्तरा म्हणाला, "राहू दे आता. झाली पैज."

"चौक राहिला," मी म्हटलं.

चौक आमच्या इमारतीपासून अडीचशे पावलांवर आहे. मी रस्त्याच्या मधून चालायला लागलो. दोन्हीकडे दुकानं, त्यांतल्या बहुतेकांच्या पाट्या मी रंगवलेल्या, त्यांवर माणसं हसणारी. दुकानदार दारात येऊन उभे राहिले होते. पानवाला हात जोडून म्हणाला, "रंगूशेठ, कोण जिंकलं?" मी सांगितलं, वस्तरा. चौकात पोचलो, वळलो, आणि तशाच अर्ध्या मिशीने परत यायला लागलो.